मेव्हिस निब्लेटचं हरिकेन

रॉयस्टन निब्लेटच्या घरात चाळिसाच्या वर हरिकेन विमानं होती, आणि त्यांतलं एकही आपल्या चाकांवर उभं नव्हतं.

सगळी खोक्यांत होती. प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले पंख, चाकं, वैमानिकाची खुर्ची, तिच्यावरची काचेची टोपी, बहुतेक सगळं जसं कारखान्यातून आलं तसं. जिन्याखालचं कपाट भरलं तेव्हा खोकी पलंगाखाली गेली. पलंगाखालची जागा संपली तेव्हा पाहुण्यांची खोली त्यांना मिळाली. पाहुणे तसेही फारसे येत नसत. आता, असा साठा स्ट्राउड गावच्या मॉडेल क्लबात इतर कोणाकडे नव्हता असं नाही. तीन जन्मांत जोडून संपणार नाहीत इतकी किट आमच्याकडची शहाणीसुरती माणसं विकत घेतात आणि घरी बायकोला सांगतात, ‘हे होय? हे तर जुनंच आहे.’ पण बाकीचे लोक अधूनमधून एखादं तरी जोडत. रॉयस्टन जोडत नसे. रॉयस्टन तुलना करत असे.

तुलनाही साधीसुधी नव्हे. दुसऱ्या महायुद्धातल्या या फाइटर विमानाचं नवं किट बाजारात आलं की तो आधीची पाच-सहा किट जेवणाच्या टेबलावर मांडायचा, शेजारी नवं ठेवायचा, आणि व्हर्नियर नि भिंग घेऊन बसायचा. एकाचं नाक आखूड निघायचं. दुसऱ्याचा पंख पावासारखा फुगलेला असायचा. तिसऱ्यात चाकं मिटून आत जाण्याचा खड्डा इतका उथळ, की खऱ्या विमानाची चाकं बाहेरच लोंबत राहिली असती. हे सगळं तो क्लबाच्या मासिकात लिहायचा, आणि प्रत्येक लेखाचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं: ‘एकंदरीत, आणखी थोडी वाट पाहावी.’

हा स्वभाव त्याला नोकरीने लावला होता. गावातल्या गिरणीच्या रंगखात्यात तो छटा जुळवायचं काम करत असे. सैनिकांच्या डगल्याचं लाल कापड, बिलियर्डच्या टेबलाचं हिरवं कापड. उत्तरेच्या खिडकीशी उभं राहायचं, नमुन्याचा तुकडा एका हातात, नवा तुकडा दुसऱ्या हातात, आणि सांगायचं, जुळतंय की नाही. गिरणीत त्याचा शब्द शेवटचा होता. पण तोच डोळा घेऊन माणूस घरी आला की पंचाईत होते. तरुणपणी जीन नावाच्या मुलीबरोबर त्याचं जमलं होतं. मुलगी चांगली होती, हसरी होती. रॉयस्टन विचार करत राहिला. ती बिचारी बरीच वर्षं थांबली, मग स्विंडनच्या एका रेल्वेवाल्याशी लग्न करून मोकळी झाली. तिच्या लग्नाला रॉयस्टन गेला आणि परत येताना एक किट घेऊन आला.

क्लब महिन्यातून एकदा, मंगळवारी, चर्चमागच्या सभागृहात भरतो. तिथे गॉर्डन पेगलर त्याची वाटच बघत असे. पेगलर म्हणजे बाजारपेठेतला जुना खाटीक, आता दुकान सोडलेला. हात हे एवढे थोरले, पण त्याच हातांनी तो दर दोन महिन्यांनी एक सुरेख विमान जोडून आणायचा आणि टेबलावर ठेवायचा.

“काय निब्लेट, आज कुणाचं शवविच्छेदन?”

“जपानी किट आहे. पंखाची मागची कड बघतोय.”

“जाड आहे?”

“अंमळ.”

“मग आता काय, उडायचं नाही का ते?” पेगलर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा. “अरे बाबा, जरा गोंद लाव! प्लास्टिक आहे ते, चावत नाही.”

सगळे हसायचे. रॉयस्टनही हसायचा. पण तो का जोडत नाही हे त्याने कोणाला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते. साठीचा माणूस आपल्या आईच्या तोंडून एक शब्द ऐकायला जीव टाकतोय, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

आई म्हणजे मेव्हिस. लग्नाआधी तीही गिरणीतच होती. कापड मागावरून उतरलं की त्यातल्या गाठी चिमट्याने काढायच्या आणि तुटलेला धागा कळणार नाही असा सुईने भरायचा, हे तिचं काम. मग युद्ध आलं. सुईचा हात चांगला म्हणून तिला आणि तिच्यासारख्या मुलींना बसमध्ये घालून ग्लॉस्टरजवळच्या विमानाच्या कारखान्यात धाडलं. विमानाच्या कारखान्यात सुई कशाला, असं कोणालाही वाटेल. पण हरिकेनचा मागचा भाग पत्र्याचा नसे. आत लोखंडी नळ्या, त्यांवर लांब लाकडी पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांवर लिननचं कापड ओढून शिवायचं, वर रोगणाचे हात द्यायचे. ते कापड मेव्हिसने शिवलं. एक नव्हे, शेकड्यांनी.

रॉयस्टन शाळकरी होता तेव्हा वाढदिवसाच्या पैशांतून त्याने पहिलं किट आणलं. हरिकेनच आणलं, आईसाठी. धडाच्या दोन बाजू एकमेकींना चिकटवल्या आणि पुढे थांबवेना, म्हणून तसंच ते धड घेऊन तो स्वयंपाकघरात धावला. आईने हात पुसले. धड हातात घेतलं, अंगठा शेपटाकडून पुढे फिरवला.

“हे आमचं नाही,” ती म्हणाली. “हा पत्रा आहे.” आणि बटाटे सोलायला लागली.

वाईट हेतूने नव्हे. मेव्हिसला गोड बोलता येत नसे, एवढंच. गिरणीत गाठ राहिलेली दिसली की गाठ आहे म्हणायचं, त्यात रुसण्यासारखं काय? पण पोराच्या काळजात ते रुतलं. ते धड त्याने पंखांसकट खोक्यात परत ठेवलं आणि ठरवलं, आईचं असेल असं हरिकेन मिळेपर्यंत दुसरं जोडायचं नाही.

तेव्हापासून रिवाज पडला. नवं किट आलं की रॉयस्टन धडाच्या दोन बाजू चौकटीतून कापून बिस्किटांच्या डब्यात ठेवायचा आणि रविवारी आईकडे घेऊन जायचा. जेवण व्हायचं, भाजलेलं मटण, वाटाणे, रस्सा. मग चहा आणि चरबी-मनुका घातलेला लार्डी केक. मग आई म्हणायची, “आण, काय आणलंयस ते.” चष्मा कपाळावर सारून ती डोळे मिटायची आणि अंगठा फिरवायची.

“ह्या बयेने कापड ओलं असतानाच सोडून दिलंय. बघ कसं झोळी झालंय पट्ट्यांमध्ये.” हे एका नामांकित किटबद्दल.

“पट्ट्या हव्या तिथे आहेत, पण टोकदार आहेत. खरी असती तर कापड फाटलं असतं.” हे दुसऱ्याबद्दल.

एकदा एक महागडं किट आणलं, परदेशातून मागवलेलं, क्लबात सगळ्यांनी वाहवा केलेलं. आईने अंगठा फिरवला आणि खो खो हसत सुटली. “अरे, ह्या उपाशी घोड्याच्या बरगड्या मोजायला ठेवल्यात का? कापड ताणलेलं असतं रॉय. रोगण वाळलं की टिचकी मारली तर टण्ण वाजायचं. पट्टी डोळ्याला दिसते न दिसते, हाताला मात्र कळते. तसं पाहिजे.”

रॉयस्टन घरी येऊन लिहायचा: ‘कापडाचा भाग अतिरंजित. आणखी थोडी वाट पाहावी.’

क्लबाची सहल लंडनच्या संग्रहालयात गेली तेव्हा तिथे खरं हरिकेन होतं. रॉयस्टनने दोन रोल संपवले, सगळे फोटो शेपटाकडच्या कापडाचे. रविवारी आईला दाखवले. तिने एकेक निरखून पाहिला, टाके कुठे घातलेत ते सांगितलं, एका ठिकाणी कोणीतरी नंतर केलेलं ठिगळही दाखवलं. मग विचारलं, “सहलीच्या बसमध्ये जागा होती का रे?”

“होती की. मागच्या चार खुर्च्या रिकाम्याच होत्या,” रॉयस्टन म्हणाला, आणि पुढचा फोटो तिच्या हातात दिला.

अशी वर्षं गेली. वडील गेले. गिरणीचं रंगखातं बंद झालं, रॉयस्टन घरी बसला. आई नव्वदीला आली. कंबरेचं हाड मोडून जुळलं, पण पायऱ्या उतरणं संपलं. आणि एक दिवस चहा ओतताना तिने कपाच्या बाहेर चहा ओतला. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. दोन्ही डोळ्यांचा. कडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू जाईल. किती हळू, ते सांगता येत नाही.

“म्हणजे तुझ्याकडे बघितलं तर तू दिसायचा नाहीस, आणि शेजारचं कपाट दिसेल,” आई म्हणाली. “कपाट तसं बरंय दिसायला.”

त्याच वर्षी पानगळीच्या सुमाराला ते नवं किट आलं. पोलंडमधल्या कोण्या लहानशा कंपनीने काढलेलं. रॉयस्टनने खोकं उघडलं, धडाची बाजू चौकटीतच ठेवून खिडकीशी नेली. पट्ट्या दिसत होत्या आणि दिसत नव्हत्याही. भिंग घेतलं, व्हर्नियर घेतला, मग दोन्ही बाजूला ठेवून डोळे मिटले आणि आपलाच अंगठा फिरवला. रविवारपर्यंत त्याला जेवण गोड लागलं नाही.

रविवारी आईने धड हातात घेतलं. अंगठा शेपटाकडून निघाला, पुढे आला, थांबला, परत मागे गेला. दुसऱ्यांदा फिरला. रॉयस्टन खुर्चीच्या कडेला बसून तिच्या तोंडाकडे बघत होता. असा तो त्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर उभा राहिला होता त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली होती.

“हे आमचं,” आई म्हणाली.

रॉयस्टनने नाक शिंकरलं. चहाचा कप उचलला, खाली ठेवला.

“आमचंच आहे,” आई पुन्हा म्हणाली. “ही इथली शिवण तर मीच घातलेली असेल. छान केलंय हो. कोण म्हणालास, पोलिश? आमच्या शेडमध्ये होती एक पोलिश मुलगी. हात हलका होता तिचा.” मग धड तिने मांडीवर ठेवलं आणि विचारलं, “आणि बाकीचं?”

“बाकीचं कसलं?”

“बाकीचं विमान रे.”

“ते घरी आहे. खोक्यात. म्हणजे, भाग आहेत.”

आई बोलली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून रॉयस्टनला ते जास्त लागलं.

“तुला माहितीय ना, आमच्याकडे काय यायचं ते? लाकडी घोडीवर ठेवलेलं नुसतं धड. पुढे नळ्या उघड्या, इंजिन नाही, पंख नाहीत, पाय नाहीत. आम्ही शिवायचो, रोगणवाल्या मुली रोगण द्यायच्या, आणि माणसं येऊन ते ढकलत न्यायची. त्या दारापलीकडे काय व्हायचं ते बघायची सोय नव्हती. एका शेडचा बिल्ला असला की दुसऱ्या शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. वरून उडत जायची कधी, पण खालून पोट दिसतं, आणि तेही डोळा लवेपर्यंत जातं. सिनेमाच्या आधी बातम्यांत दाखवायचे, ते आपलं सपाट. मी आख्खं युद्धभर हरिकेन शिवलं रॉय, आणि एकदाही उभं बघितलं नाही. पंख लावलेलं. आपल्या पायांवर.”

“तू कधी बोलली नाहीस.”

“मला वाटलं, आणशील. प्रत्येक वेळी वाटायचं, आता पुढच्या खेपेला आणेल आख्खं.” ती हसली. “पण तूही दर खेपेला धडच आणलंस की.”

रॉयस्टनला संग्रहालयाची बस आठवली, मागच्या रिकाम्या खुर्च्या आठवल्या. ज्या शब्दासाठी त्याने जन्म काढला तो शब्द आत्ता मिळाला होता, आणि आईला तो कधी महत्त्वाचा नव्हताच. तिला विमान बघायचं होतं. कसलंही.

“हे जोडतो,” तो म्हणाला. “हेच जोडतो आणि आणतो.”

“आण. डोळे आहेत तोवर आण.”

इथे दुसरा कोणी असता तर घरी जाऊन गोंदाची बाटली उघडली असती. कोणीही उघडली असती. पण रॉयस्टन निब्लेटला इतक्या वर्षांनी खरं हरिकेन सापडलं होतं, आणि ते आईसाठी करायचं होतं. मग ते कसंतरी करून कसं चालेल? आधी ठरवायला हवं की नेमकं कोणतं विमान. आई कारखान्यात होती त्या काळात तिथून निघालेलं असलं पाहिजे, नाहीतर अर्थ काय? त्याने पुस्तकं काढली. त्या काळातल्या विमानांच्या पोटाचा रंग निळसर होता की हिरवट, यावर क्लबातच दोन पक्ष होते. रॉयस्टनने दोन्ही पक्षांच्या रंगांच्या बाटल्या मागवल्या आणि प्लास्टिकच्या तुकड्यांवर लावून उत्तरेच्या खिडकीशी धरल्या. एकही जुळेना. तिसरी मागवली. चाकांचे टायर किटमधले जरा बारीक होते. बदली टायर झेक लोक करतात, ते मागवले. ते येईपर्यंत नाताळ आला.

नाताळच्या जेवणाला आईने विचारलं, “झालं का रे?”

“जवळजवळ. रंगाचं तेवढं एक राहिलंय.”

“रंग कसाही दे. मला काय कळतंय.”

“नाही, आता नीटच करू या,” रॉयस्टन म्हणाला.

आईने मान हलवली. काटा उचलताना तिने तो दोनदा चुकून ताटाशेजारी टेकवला. रॉयस्टनने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

क्लबात फेब्रुवारीच्या बैठकीला रॉयस्टन रंगाचे अकरावे-बारावे नमुने घेऊन आला. पेगलरला तोवर सगळी गोष्ट कळलेली होती. रॉयस्टननेच ती सांगितली होती, रंगाबद्दल मत विचारताना, जणू मुद्दा रंगाचाच आहे. पेगलर नमुने बघत राहिला. आज त्याने कोणाला ऐकू जाईल असं काही म्हटलं नाही. खुर्ची ओढून तो रॉयस्टनच्या जवळ बसला.

“निब्लेट, आईचे डोळे कसे आहेत?”

“बरे आहेत. म्हणजे, मधलं जरा धूसर होतंय.”

“आणि तू मला हिरवा निळा विचारतोयस.”

“अरे, तिला खरं दाखवायचंय मला. एवढी वर्षं—”

“एवढी वर्षं तू दाखवलं नाहीस म्हणून तर ही वेळ आली!” पेगलरचा आवाज चढला, मग त्याने तो आवरला. “ऐक. मी तीस वर्षं दुकानात उभा होतो. बायका येऊन मांस बघायच्या, दाबायच्या, वास घ्यायच्या. पण संध्याकाळी घरी जेवायला घालायचंय हे कोणी विसरायची नाही. तू विसरलास. तिचे डोळे तुझ्या बाटल्यांसाठी थांबणार आहेत का? घरी जा. पोटाला कसलाही रंग फास. चूक निघालीच तर माझ्या नावावर घाल.”

रॉयस्टनला राग आला. नमुने गोळा करून तो कोणाशी न बोलता निघाला. टेकडी चढताना अर्ध्या वाटेत राग संपला आणि मागे नुसती भीती उरली. आई जाईल याची नव्हे, ती आज ना उद्या जाणारच होती. ती न बघता जाईल याची.

दुसऱ्या सकाळी त्याने टेबलावरचं भिंग आणि व्हर्नियर कपाटाच्या खणात ठेवले, नजरेआड. आणि पन्नास वर्षांनी प्लास्टिकला गोंद लावला.

हात विसरला होता. धड जुळलं, पण पंख लावताना गोंद जास्त झाला आणि फटीतून ओघळला. पुसायला गेला तर बोटाचा ठसा उमटला, कायमचा. काचेच्या टोपीच्या कडेला ढगाळ डाग पडला. असं किट दुसऱ्या कोणी क्लबात आणलं असतं तर त्याने लेखात दोन ओळी नक्की लिहिल्या असत्या. चाकांचे पाय नीट सारख्या कोनात बसेनात, म्हणून त्याने विमान उलटं करून मार्मालेडच्या दोन बरण्यांवर टेकवलं आणि पाय हाताने धरून बसून राहिला, गोंद घट्ट होईपर्यंत. बदली टायर तेव्हा खोक्यातच राहिले. पोटाला जी बाटली हाताला आधी लागली तिचा रंग लावला. ती कोणत्या पक्षाची होती ते त्याने पाहिलं नाही. नंबर कोणताच घातला नाही. शेकड्यांनी शिवली होती तिने, त्यांतलं एक कोणतं निवडणार?

सगळं वाळल्यावर त्याने उलटं विमान सरळ केलं आणि टेबलावर ठेवलं. ते उभं राहिलं. नाक वर, शेपूट खाली, जरा डावीकडे कललेलं. रॉयस्टन दोन पावलं मागे सरकला. इतकी वर्षं त्याने या विमानाच्या नाकाची लांबी मोजली होती, पंखाची जाडी मोजली होती, आणि ते उभं कसं दिसतं ते त्यालाही आज कळत होतं. पाठीला कुबड असलेलं, रुंद खांद्यांचं, कष्टाळू जनावरासारखं होतं ते. त्याच्या मनात आलं, आई म्हणेल, केवढं आहे हे. मग त्याच्या लक्षात आलं की आज कोणता वार आहे याचीही आपल्याला शुद्ध नाही. शुक्रवार होता. रविवारपर्यंत थांबायला तो तयार नव्हता. विमान केकच्या डब्यात ठेवून, डबा छातीशी धरून तो टेकडी उतरला.

दुपारचं ऊन आईच्या बैठकीच्या खोलीत आलेलं होतं. आई खिडकीशेजारच्या खुर्चीत बसली होती. तिला पावलं ओळखू आली.

“आज कसा काय? शुक्रवार ना?”

“आणलंय, आई. आख्खं.”

आई सावरून बसली. अंगावरचा झगा तिने नीट केला, जणू कोणी पाहुणा येतोय. रॉयस्टनने डबा उघडला, विमान काढलं आणि तिच्या समोरच्या तिपाईवर उभं केलं. पडदा बाजूला सारला. उजेड बरोबर पडला होता. आई पुढे वाकली, तिपाईकडे बघत राहिली.

“कुठाय?”

“अगं, समोरच आहे तुझ्या.”

“समोरचं गेलं रे माझं.” ती म्हणाली. “नाताळनंतर गेलं. तुला सांगितलं नाही, म्हटलं तुझं काम चाललंय.”

रॉयस्टन तिथेच गुडघ्यांवर बसला. त्याने विमान उचलून हळूच तिच्या हातात दिलं. तिचा अंगठा शेपटापासून निघाला, त्या पट्ट्यांवरून पुढे आला, आणि कापड संपतं तिथे थांबला.

“इथवर माझं,” ती म्हणाली. मग दुसरा हात पुढे गेला. टोपी, नाक, पंखा. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत. पाय. चाकं. एक चाक तिने नखाने फिरवून पाहिलं. बोटं सगळीकडे जाऊन आली आणि थांबली.

“हाताला कळलं,” आई म्हणाली. “पण हाताला तर तेव्हाही कळायचं. मला बघायचंय, रॉय.”

“मी काय करू, आई?”

ती विचार करत होती. डोकं एका बाजूला वळवून तिने खोलीचा अंदाज घेतला, कपाटाकडे बघून मधेच मान हलवली.

“हलणारं दिसतं मला,” ती म्हणाली. “कडेला. काल मांजर भिंतीकडेने गेलं ते दिसलं, शेपटासकट. उचल ते. तिकडे जा, भिंतीपाशी. जरा वर धर. आणखी वर. आणि चाल.”

रॉयस्टनने विमान उचललं, खांद्याच्या वर धरलं आणि भिंतीकडेने चालायला लागला. आईने तोंड उलट्या बाजूला वळवलं, थेट भिंतीतल्या शेकोटीकडे, आणि कान देऊन ऐकावं तशी स्थिर झाली.

“दिसतंय?”

“गप्प. थांबू नकोस. थांबलास की जातं.”

तो चालत राहिला. दारापर्यंत गेला, वळला, परत आला. हात दुखायला लागला, पण बदलायला तो धजला नाही. आई त्याच्याकडे बघत नव्हती. ती शेकोटीकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही.

“पंख केवढे आहेत गं बाई त्याला,” ती म्हणाली. “आणि कसं कुबड काढून चाललंय! म्हणजे आमचं शेपूट घेऊन हे असं जायचं होय.”

“असंच जायचं.”

“पुन्हा आण. पुढून आण.”

रॉयस्टनने ते पुढून आणलं. मग खिडकीच्या बाजूने आणलं, मग तिच्या डोक्यावरून. तिचं तोंड तिकडे आणि बोट त्याच्या दिशेला, इकडे, आणखी इकडे, असं ती त्याला हाकत होती.

“गेल्या पानगळीत आणलं असतंस ना,” आई म्हणाली, अगदी सहज, पावसापाण्याचं बोलावं तशी, “तर तुला एवढं चालावं लागलं नसतं.”

“हो, आई.”

“चाल. थांबू नकोस.”

तो थांबला नाही. ऊन खिडकीतून उतरून गालिच्यावर आलं, गालिच्यावरून भिंतीवर चढलं, आणि रॉयस्टन निब्लेट आईच्या नजरेच्या कडेकडेने ते हरिकेन हातात धरून चालत राहिला.